एकपदरी की बहुपदरी? कार्बन नॅनोट्यूबवर प्रकल्प करू पाहणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडून पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करणाऱ्या आणि प्रकल्पासाठी कार्बन नॅनोट्यूबचे (कार्बन अणूंच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांचे) भौतिक गुणधर्म हा विषय घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला सर्वांत आधी ठरवावे लागते, ते नळ्या एकपदरी घ्यायच्या की बहुपदरी. बहुपदरी नळ्यांचे वर्णन सुमिओ इजिमा यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केले आणि एकपदरी नळ्या 1993 मध्ये पुढे आल्या. पण या दोहोंबाबत विचारण्याजोगे प्रश्न सारखे नाहीत.

विद्युत गुणधर्मांत एकपदरी नळी निःसंशय सरस आहे. तिचा व्यास साधारण 1 ते 2 नॅनोमीटर असतो आणि ग्राफीनचा, म्हणजे एका अणूएवढ्या जाडीच्या कार्बनचा, पापुद्रा चटईसारखा कोणत्या दिशेने गुंडाळला गेला आहे, यावर ती धातूसारखी वागेल की अर्धवाहकासारखी, हे ठरते. ही दिशा दाखवणाऱ्या दोन पूर्णांकांच्या वजाबाकीला 3 ने भाग जात असेल तर नळी धातूसारखी वागते, अन्यथा अर्धवाहक ठरते आणि तिची ऊर्जा-फट (इलेक्ट्रॉनला वहनासाठी ओलांडावे लागणारे ऊर्जेचे अंतर) व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असते. बहुपदरी नळीत एकात एक नळ्या 0.34 नॅनोमीटर अंतराने बसलेल्या असतात, प्रत्येक पदराची दिशा निराळी असते आणि व्यास मोठा असल्याने फट इतकी लहान होते, की खोलीच्या तापमानाला ती बहुधा धातूसारखीच वागते.

बळकटीत एवढी तफावत नाही. दोन्हींचा यंग गुणांक, म्हणजे ताठरपणाचे माप, सुमारे 1 टेरापास्कल, म्हणजे पोलादाच्या जवळपास पाचपट आहे. तथापि रुओफ आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये बहुपदरी नळ्या ताणून पाहिल्या, तेव्हा बाहेरचा पदर 11 ते 63 गिगापास्कल ताणाला तुटला आणि आतले पदर म्यानातून तलवार निघावी तसे सरकून बाहेर आले. भार आतपर्यंत पोहोचत नाही, ही गोष्ट बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यासाठी ॲल्युमिनियममध्ये नळ्या मिसळून पाहणाऱ्याने आधीच लक्षात घ्यावी.

उष्णतावहनाचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. फिलिप किम आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये एका सुट्या बहुपदरी नळीची उष्णतावाहकता 3000 वॅट प्रति मीटर-केल्विनहून अधिक मोजली. तांब्याची सुमारे 400 असते. त्याच नळ्यांचा गुंता घेतला तर, नळीकडून नळीकडे जाताना प्रत्येक सांध्यावर अडथळा येत असल्याने, आकडा कित्येक पटींनी कोसळतो. हा अडथळा घनतेनुसार, दाबानुसार किंवा भोवतालच्या पॉलिमरनुसार कसा बदलतो, हे साध्या प्रयोगशाळेतही काळजीपूर्वक मोजता येते, आणि एका सुट्या नळीच्या विक्रमी आकड्यांमागे धावण्यापेक्षा ते काम अधिक प्रामाणिक आहे.

सोयीचा विचार केला तरी पारडे बहुपदरीकडे झुकते. कापूर आणि फेरोसीन (लोखंडाचे एक संयुग) यांची वाफ सुमारे 900 अंश सेल्सिअसच्या नलिकाभट्टीतून आरगॉनच्या प्रवाहात नेली, की बहुपदरी नळ्या वाढतात. एकपदरी भुकटी महाग असते, तिच्यात धातूसारख्या आणि अर्धवाहक नळ्या जुड्यांमध्ये मिसळलेल्या असतात आणि त्या वेगळ्या करणे हेच स्वतंत्र काम होऊन बसते. रामन वर्णपटात (नमुन्यावरून विखुरलेल्या लेसर प्रकाशातून अणूंची कंपने दाखवणाऱ्या आलेखात) मात्र एकपदरी नळीच अधिक बोलते, कारण 1 नॅनोमीटर व्यासाच्या नळीची त्रिज्यीय कंपने (नळीचे आत-बाहेर फुगणे-आकसणे) सुमारे 250 प्रति सेंटीमीटरला दिसतात आणि त्यांवरून व्यास काढता येतो. बहुपदरीत हा संकेत सहसा सापडत नाही. तेथे दोष दाखवणाऱ्या 1350 जवळच्या आणि ग्राफाइटी 1580 जवळच्या शिखरांच्या गुणोत्तरावर भागवावे लागते. तपासणीसाठी धारवाड किंवा कोल्हापूरच्या विद्यापीठात नमुने न्यायचे असतील, तर तेथील वेळ आधी ठरवून मगच वाढीचे काम आखावे. लांब व ताठ बहुपदरी नळ्या फुप्फुसात ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखा दाह निर्माण करू शकतात, म्हणून कोरडी भुकटी कधीही उघड्यावर हाताळू नये.

एवढे असूनही ज्याला एकपदरी नळ्यांवरच काम करायचे आहे, त्याने बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अजय सूद आणि सहकाऱ्यांचा 2003 चा प्रयोग अभ्यासावा. एकपदरी नळ्यांच्या जुड्यांवरून द्रव वाहू दिल्यास प्रवाहाच्या दिशेने विद्युतदाब निर्माण होतो आणि तो वेगाच्या लॉगॅरिदमच्या प्रमाणात वाढतो, हे त्यांनी नळ्या वेगळ्या न करताच दाखवून दिले.