गॅन्ट्रीच्या अलीकडून: एका रिफायनरीच्या मालाबद्दल आणि सेवेबद्दल

बावीस वर्षं मी एकाच रिफायनरीच्या गॅन्ट्रीवरून, म्हणजे टँकर भरायच्या फलाटावरून, पेट्रोल-डिझेल उचलतेय. स्वतःचा पंप आहे, दोन टँकर आहेत, आणि माल उतरवून घेताना आजही मी स्वतः उभी असते. रिफायनरीचं नाव इथे देत नाही, कारण कौतुकाबरोबर तक्रारही करायची आहे. तारे द्यायचे तर पाचपैकी चार.

आधी माल, कारण शेवटी मी पैसे त्याचे मोजते. टँकर आला की पहिलं काम सॅम्पलचं. काचेच्या उंच जारमध्ये डिझेल ओतायचं, बुडबुडे निवू द्यायचे, हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायची तरंगती नळी, हलक्या हाताने सोडायचा. तो जारच्या कडेला टेकला की आकडा चुकलाच म्हणून समजा. शेजारी थर्मामीटर. डोळे द्रवाच्या पातळीशी आणून वाचायचं, मग तक्त्यावरून तो आकडा १५ अंश सेल्सिअसवर आणायचा आणि मालाबरोबर आलेल्या चलनावरच्या डेन्सिटीशी, म्हणजे घनतेशी, ताडून पाहायचा. एवढा खटाटोप यासाठी की तेल तापलं की फुगतं. बारा हजार लिटर पेट्रोल दहा अंशांनी तापलं तर ते शंभर लिटरहून जास्त फुगलेलं दिसतं, माल मात्र तेवढाच असतो. नुसते लिटर मोजणारा फसतो, डेन्सिटी आणि तापमान पाहणारा फसत नाही. बावीस वर्षांत चलनावरचा आकडा आणि माझ्या जारमधला आकडा यांच्यात खटका उडाल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. माझ्या लेखी हीच त्या रिफायनरीची सगळ्यात मोठी जाहिरात.

हा आकडा इतका स्थिर का राहतो, ते मला आत जाऊन पाहिल्यावर कळलं. त्यांनी आम्हा पंपवाल्यांना एक दिवस प्लँट दाखवला होता. कंट्रोल रूममधल्या एका ऑपरेटर मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं, "हा उंच टॉवर काही तयार करत नाही, फक्त वेगळं करतो." क्रूड, म्हणजे कच्चं तेल, येतं तेव्हा त्यात पाणी असतं, मीठ असतं. आधी ते पाण्याने धुतात आणि विजेच्या दाबाखाली पाण्याचे थेंब एकत्र करून खाली बसवतात. मीठ राहिलं तर पुढे त्याचं आम्ल होतं आणि टॉवरचं लोखंड खातं. धुतलेलं क्रूड भट्टीत साडेतीनशे अंशांच्या पुढे तापवून टॉवरमध्ये सोडतात. हलका माल वाफ होऊन वर चढतो, जड तळाशी राहतो, आणि मधल्या ट्रेंवरून रॉकेल, विमानाचं इंधन, डिझेल आपापल्या उंचीवर बाहेर काढलं जातं.

माझ्या मनात मात्र घर केलं ते जड तेल तोडणाऱ्या क्रॅकिंग युनिटने. तिथला कॅटॅलिस्ट, म्हणजे स्वतः न संपता क्रिया घडवून आणणारा पदार्थ, ही टाल्कम पावडरसारखी बारीक भुकटी. तिच्यात वाफ फुंकली की ती पाण्यासारखी वाहते. पाचशे अंशांच्या वर तापलेल्या या भुकटीवर जड तेल काही सेकंदच राहतं आणि त्याचे लांबलचक रेणू तुटून पेट्रोलच्या मापाचे होतात. भुकटीवर कार्बन चढतो, म्हणून ती शेजारच्या भांड्यात पाठवतात. तिथे तो कार्बन जाळतात आणि त्याच आगीची उष्णता भुकटीबरोबर परत येऊन पुढचं तेल तोडते. दिवसरात्र हे चक्र सुरू असतं. उजेन हूद्री या फ्रेंच इंजिनिअरची कॅटॅलिस्टने तेल तोडण्याची पद्धत १९३७ साली अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर सुरू झाली, आणि वाहत्या भुकटीचं पहिलं युनिट १९४२ मध्ये अमेरिकेतल्याच बॅटन रूजला चालू झालं. माझ्यासारख्या दुकानदाराने ही नावं लक्षात ठेवायला हवीत असं मला मनापासून वाटतं. हा शोध नसता तर बॅरलमधला पुष्कळसा भाग भट्टीत जाळायच्या तेलातच गेला असता, आणि आमच्या पेट्रोलच्या नोझलखाली रांगा लागल्या असत्या.

गंधकाचंही तसंच. आज बऱ्याच देशांत डिझेलमध्ये दहा लाख भागांत दहाच भाग गंधक चालतं. ते काढायला हायड्रोजन लागतो, प्रचंड दाब लागतो. निघालेला विषारी वायू हवेत न सोडता त्याचं पिवळंधमक गंधक करतात, त्यातलं बरंचसं पुढे आम्लाच्या कारखान्यातून खतापर्यंत जातं. मी तो पिवळा ढीग पाहिला आणि पहिल्यांदा जाणवलं की हे सगळं पूर्वी लोकांच्या फुप्फुसांत जात होतं.

लॅबमध्ये एक एकाच सिलिंडरचं इंजिन होतं. ते चालू असताना त्याची दाबाची पातळी बदलता येते. पेट्रोल घालून दाब वाढवत नेतात, ठोका (इंधन अवेळी आपोआप पेटल्याचा खडखडाट) पडायला लागला की त्याची तुलना दोन ठरलेल्या द्रवांच्या मिश्रणाशी करतात. आयसोऑक्टेन म्हणजे शंभर, नॉर्मल हेप्टेन म्हणजे शून्य. पंपावर लिहिलेला ऑक्टेनचा, म्हणजे ठोका टाळण्याच्या ताकदीचा, आकडा हा अशा ठोक्यातून जन्माला येतो. बॅच या परीक्षेत पास झाल्याशिवाय टाकीचा व्हॉल्व्ह उघडत नाही.

गॅन्ट्रीवरची सेवा शिस्तीची आहे. पूर्वी टँकरच्या टपावर चढून वरून पाइप सोडत असत, माझ्या ड्रायव्हरचे कपडे पेट्रोलने भिजलेले मी पाहिलेत. आता माल खालून भरतात, वरची वाफ वेगळ्या नळीने परत घेतात. अर्थिंगचा चिमटा लागून हिरवा दिवा पेटल्याशिवाय पंप सुरूच होत नाही, कारण वाहत्या तेलात स्थिर वीज साठते आणि तिची एक ठिणगीही पुरते. टँकरचं चेंबर, म्हणजे आतला कप्पा, भरत आलं की सेन्सर स्वतःच माल थांबवतो. एकदा घाईत माझ्या ड्रायव्हरने चिमटा रंगलेल्या पत्र्यावर लावला. दिवा पेटला नाही. तिथल्या कर्मचाऱ्याने आवाज न चढवता त्याला उघड्या धातूची जागा दाखवली. तो परत येऊन मला म्हणाला, "ताई, रांग मोठी होती, पण त्यांनी मला हाकललं नाही." अशी माणसं मिळणं हीसुद्धा सेवाच.

आता ज्या दिवशी खटका उडाला त्याबद्दल. त्या दिवशी माझे टँकर दुरुस्तीला होते म्हणून भाड्याचा टँकर मागवला होता. डिझेलची डेन्सिटी चलनापेक्षा जराशीच कमी, चालवून घेता आली असती. पण जारवर नाक नेलं तर डिझेलच्या जड वासाला पेट्रोलची धार होती. मी माल उतरवू दिला नाही. टर्मिनलला, म्हणजे रिफायनरीच्या टँकर भरायच्या केंद्राला, फोन केला, त्यांनी टँकर सीलसकट परत बोलावला. तिथे फ्लॅश पॉइंट, म्हणजे तेलाची वाफ ज्योतीने पेटते ते तापमान, पाहिला. बंद कपात डिझेल हळूहळू तापवत नेतात आणि ठरावीक अंतराने ज्योत दाखवतात. चांगलं डिझेल बरंच तापल्याशिवाय पेट घेत नाही, हे त्याच्या खूप आधीच भपकन पेटलं. टाकीतून राखून ठेवलेलं सॅम्पल मात्र स्वच्छ निघालं. आधीच्या फेरीतलं पेट्रोल त्या चेंबरमध्ये आणि पाइपात उरलं होतं. चूक टँकरवाल्याची होती. तरीही भरण्याआधी चेंबर रिकामं आहे का हे पाहणं टर्मिनलचं काम होतं, आणि ते झालं नव्हतं. त्यांनी ते मान्य केलं, माल बदलून दिला, आणि तेव्हापासून भाड्याचा टँकर असेल तर व्हॉल्व्ह उघडून खाली बादली धरतात. चूक कबूल करणाऱ्या पुरवठादाराशी मी आयुष्यभर व्यवहार करायला तयार आहे.

पाचवा तारा मात्र शटडाउनने घालवला. दर काही वर्षांनी युनिट आठवडेच्या आठवडे बंद ठेवावंच लागतं. भट्टीच्या नळ्यांत साचलेला कोक, म्हणजे कोळशासारखा थर, काढायचा, कॅटॅलिस्ट बदलायचा, भांडी आतून तपासून त्यांची जाडी मोजायची. त्यात काटछाट केली तर जीव जातात, हे मला मान्य आहे. पण हे काम वर्ष-दोन वर्षं आधी ठरलेलं असतं, आणि आम्हाला कळलं आठ दिवस आधी! रिफायनरी म्हणजे एका मालाचं दुकान नव्हे. एका बॅरलमधून गॅस, पेट्रोल, विमानाचं इंधन, डिझेल, डांबर सगळं एकदमच निघतं, म्हणून एक युनिट थांबलं की भोवतालच्या सगळ्या प्रदेशाचा हिशेब हलतो. पाइपलाइनने दुसरीकडून माल आणता येतो, पण त्या एकाच नळीत पेट्रोलच्या पाठोपाठ डिझेल, मध्ये भिंत न ठेवता, ओळीने चालत येतं. दोघांच्या सीमेवर मिसळलेला माल डेन्सिटी पाहून बाजूला काढायचा, उरलेला टाकीत घ्यायचा. आज सांगितलं आणि उद्या आलं असं तिथे होत नाही.

त्या दिवसांत मी रुग्णालयाच्या जनरेटरचं डिझेल वेगळं ठेवलं आणि बाकीच्यांना थोडंथोडं दिलं. कापणीच्या तोंडावर आलेल्या एका ट्रॅक्टरवाल्याला कॅन अर्धाच भरून दिला, तेव्हा तो काही बोलला नाही, नुसता कॅनकडे पाहत राहिला. ते मला आजही खुपतं. महिनाभर आधी एक पत्र आलं असतं तर मी टाक्या काठोकाठ भरून ठेवल्या असत्या. हे मी त्यांना लेखी दिलंय आणि पोचही घेतलीय.

नव्याने माल उचलायला जाणाऱ्यांनी शक्यतो पहाटेचा स्लॉट घ्यावा. माल थंड असतो, गॅन्ट्रीवर गर्दी कमी असते, आणि चलन, सील क्रमांक शांतपणे ताडून पाहायला वेळ मिळतो. सॅम्पलच्या बाटलीवर तारीख आणि टँकर क्रमांक तिथेच लिहा, पंपावर आल्यावर लिहू म्हणू नका. जार स्वतःचा न्या. आणि भाड्याचा टँकर असेल तर बादली धरली की नाही, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.