लिंबाखालची गाडी आणि अठरा हजारांचं कोटिंग

आमच्या घराला पोर्च नाही. जुळे सोलापुरात भाड्याचं घर, पुढे रस्ता, रस्त्याच्या कडेला एक मोठा लिंब आणि त्याच्याखाली आमची गाडी. गाडी गडद निळी. रंग घेताना फार आवडला होता. गडद रंगावर धुळीपासून पाण्याच्या थेंबापर्यंत सगळं उठून दिसतं, हे कळायला एक उन्हाळा जावा लागला.

सोलापूरचं ऊन कुणाला सांगायला नको. नळाला पाणी काही दिवसांआड, त्यामुळे गाडी धुवायची ती बोअरच्या पाण्याने. बोअरचं पाणी उन्हात वाळलं की क्षाराची पांढरी वर्तुळं मागे राहतात. लिंबावर साळुंक्या, कावळे. मार्च-एप्रिलमध्ये फुलोरा गळतो, जूनमध्ये पिकलेल्या निंबोळ्या फुटून काचेवर चिकटतात. लिंबाखालून हलवावी तर दिवसभर ऊन. म्हणून मागच्या वर्षी मार्चमध्ये ‘नॅनो सिरॅमिक कोटिंग, 5 वर्षे वॉरंटी’ हा फलक दिसला (कोटिंग म्हणजे रंगावर बसवायचा पातळ, पारदर्शक थर) तेव्हा मी स्वतःहून गाडी आत घातली. मला कुणी ओढून नेलं नव्हतं, हे आधीच सांगतो.

दुकानात बॉनेटचा एक सुटा पत्रा ठेवला होता. पोराने त्यावर परमनंट मार्करने रेघ ओढली आणि फडक्याने पुसून टाकली. किल्लीने घासून दाखवलं. मग कसलंसं द्रव शिंपडून लायटर लावला. भक्कन जाळ झाला, दोन सेकंदांत विझला, पत्रा जसाच्या तसा. “9 एच आहे, मालक. हिऱ्याच्या खालोखाल.” मी विचारलं, गाडी उघड्यावर असते, लिंबाखाली, चालेल ना? “त्याच्यासाठीच तर हे आहे. बिनधास्त लावा.”

हे खेळ कसे होतात ते नंतर कळलं. जाळ होतो तो वर उडणाऱ्या वाफेचा, आणि गाडीचा रंग कारखान्यात मुळातच सुमारे 140 अंशांच्या भट्टीत भाजलेला असतो. दोन सेकंदांनी त्याला काय होणार? नुसतं मेण लावलेल्या पत्र्यावरूनही मार्कर पुसला जातो. आणि 9 एच ही पेन्सिलींची मोजणी आहे हो! चित्रकलेच्या पेन्सिलीवर एचबी, 2 एच लिहिलेलं असतं ना, तीच. 9 एच म्हणजे त्या मोजणीतल्या सगळ्यात कडक पेन्सिलीने ओरखडा उठत नाही, एवढंच. आपल्या रस्त्यावरच्या धुळीतली वाळू त्याहून कितीतरी कडक असते.

28 हजारांपासून सुरुवात झाली, 18 हजारांवर तुटलं. 5 हजार मोबाइलवरून लगेच, बाकी रोख. रोख दिले तर जीएसटी वाचेल म्हणाला, आणि मला तो माझा फायदा वाटला. काम दोन दिवसांचं, तीन थरांचं. सकाळी 11 ला गाडी सोडली. त्याच संध्याकाळी साडेपाचला फोन: “गाडी तयार आहे, मालक.” मी म्हटलं, दोन दिवस होते ना? “आज पोरं जास्त लावली.”

गाडी पांढऱ्या दिव्यांखाली उभी होती. खोटं कशाला बोलू, आरशासारखी चमकत होती. पोराने बादलीभर पाणी बॉनेटवर ओतलं. मोत्यासारखे थेंब झाले आणि घरंगळून गेले. बायको म्हणाली, “अहो, शोरूममधून आणली तेव्हाही अशी नव्हती.” मी त्या पोराला वर 100 रुपये दिले.

आता आठवलं की स्वतःचीच चीड येते, कारण फसवणूक तिथेच डोळ्यांसमोर उघडी पडली होती. खरं कोटिंग लावलं की ते काही तास कोरड्या जागी सुकावं लागतं आणि पुढचे काही दिवस, साधारण आठवडाभर, गाडी धुवायची नसते. इथे कोटिंग लावल्याच्या दिवशीच वर बादली ओतून दाखवत होते! खऱ्या कामात आधीची तयारीच वेळखाऊ. गाडी धुवायची, क्लेने, म्हणजे मातीसारख्या मऊ गोळ्याने, रंगात रुतलेला कचरा काढायचा, मशीनने पॉलिश करायचं, तेलाचा अंश पुसायचा, मग एकेका भागावर हाताने कोटिंग. साडेसहा तासांत अख्ख्या गाडीला तीन थर बसत नाहीत.

मे महिन्यात थेंब बनायचे थांबले. पाणी ओलं फडकं पसरावं तसं बॉनेटवर पसरून बसायला लागलं. दुकानात गेलो तर “मेंटेनन्स करावा लागतो”, अडीच हजार. तेही दिले. बाटलीतलं काहीतरी फवारून पुसलं, चाळीस मिनिटांत गाडी हातात. परत मोती. तीन आठवड्यांनी परत ओलं फडकं.

ऑगस्टमध्ये टपावर दोन डाग दिसले, रुपयाएवढे. हात फिरवला तर कडा बोटाला लागत होती. पक्ष्याच्या विष्ठेत युरिक आम्ल असतं. उन्हात तापून रंगाचा वरचा पारदर्शक थर मऊ पडतो, फुगतो, आणि रात्री गार होताना त्या सुकलेल्या घाणीभोवती आवळतो. तो ठसा धुऊन जात नाही. वॉरंटीचं कार्ड घेऊन गेलो. दुकानदाराने ते उलटं केलं आणि मागच्या मुंगीएवढ्या अक्षरांवर बोट ठेवलं: उघड्यावरचं पार्किंग, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक व क्षारयुक्त पाणी यांमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही. म्हणजे ज्या चार गोष्टींसाठी पैसे दिले, त्याच चार. गाडी घरात झाकून ठेवली असती तर वॉरंटी मिळाली असती.

पण खरा धक्का पुढे होता. ओळखीच्या एका जुन्या पेंटरने गाडीला रंगाची जाडी मोजायचं मीटर लावलं. दारांवर 115-120 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). टपावर 110 च्या आसपास. बॉनेटच्या पुढच्या कडेला 78. तो काही बोलला नाही, मीटर माझ्याकडे वळवून दाखवलं. पारदर्शक थर सगळा मिळून 40-50 मायक्रॉनचा असतो, आणि खरं कोटिंग जेमतेम एक-दोन मायक्रॉनचं. चमक आणण्यासाठी त्या पोरांनी रबिंग कंपाउंड, म्हणजे रंग घासायची खरखरीत पेस्ट, आणि मशीनने कडेचा थर खरवडला होता आणि वर सिलिकॉनचा फवारा मारला होता. लावलं काहीच नाही. होतं तेही काढून नेलं. ते परत येत नाही, रंगच नवा मारावा लागतो.

तक्रार करायला गेलो तेव्हा दुकानातून बिल म्हणून मिळालेला कागद पहिल्यांदा नीट वाचला. जीएसटी क्रमांक नाही, ‘कोटिंग’ हा शब्दच नाही. ‘वॉशिंग व पॉलिश’ असं लिहिलेलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर बोललो, त्यांनी पहिल्यांदा बिलच मागितलं. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, पण 18 हजारांपैकी पुरावा होता मोबाइलवरून गेलेल्या 5 हजारांचा. 13 हजार रोखीत विरघळले. तेव्हा कुणी रोखीत सूट देऊ लागला तर पक्क्या बिलावर कोटिंगचं नाव आणि थर लिहून घ्या. सीलबंद बाटली तुमच्यासमोर उघडायला लावा, आणि गाडी देताना व घेताना मीटरचे आकडे लिहून घ्या. खरं काम करणारे या मागण्यांना कंटाळत नाहीत. त्यांच्याकडच्या कोटिंगने गाडी धुणं सोपं होतं, पण सावली मिळत नाही, हे तेच आधी सांगतात.

मी आता सहाशे रुपयांचं मेण दोन महिन्यांतून एकदा संध्याकाळी लावतो. डिकीत पाण्याची स्प्रे बाटली आणि मऊ फडकं असतं. विष्ठा दिसली की आधी भिजवायची, पाच मिनिटं थांबायचं, मग उचलायची. कोरडी घासायची नाही. गाडी उन्हात धुवत नाही, धुतली की लगेच पुसतो. आरओचं वाया जाणारं पाणी वापरा असं शेजारी सांगतात, पण त्यात तर क्षार आणखीच जास्त. कव्हरही घेऊन पाहिलं. धुळीच्या गाडीवर टाकलं आणि वाऱ्याने फडफडलं की ते पॉलिश पेपरचंच काम करतं. निंबोळ्यांच्या महिन्यात गाडी कोपऱ्यावरच्या शाळेच्या भिंतीच्या सावलीत लावतो.

परवा त्या दुकानावरून गेलो. फलक बदललाय, आता ‘ग्राफीन’ या नव्या नावाचं कोटिंग आणि 7 वर्षे वॉरंटी. पत्रा तोच, लायटर घेतलेला पोरगाही तोच. समोर पांढऱ्या नव्या गाडीचा मालक उभा होता, बहुतेक माझ्याच वयाचा. काहीतरी विचारत होता. जाळ विझला आणि पोराचं उत्तर मला रस्त्यावर ऐकू आलं, “बिनधास्त लावा, मालक.” मी गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरलो.