विज्ञानकथा की डायस्पोरा कविता, म्हणजे मायदेशापासून दूर राहणाऱ्यांची कविता?

दोन्हींत घर सुटलेली माणसं भेटतात, म्हणून मी दोन्ही आलटून पालटून वाचते. फरक पडतो तो ती माणसं बघतात कुठे, यात.

उर्सुला ले ग्विन यांच्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९) या विज्ञानकादंबरीत एक दूत बर्फाळ ग्रहावर एकटा उतरतो. तिथल्या माणसांना कायमचं लिंग नसतं. महिन्यातले थोडेच दिवस ती स्त्री किंवा पुरुष होतात. वाचताना आधी ती माणसं विचित्र वाटतात, मग हळूहळू आपलेच समज. हे घडायला हवामान, राजकारण, दंतकथा असं सगळं उभं करावं लागतं. वाचकाकडे चिकाटी हवी, कारण सुरुवात खरंच संथ आहे.

आगा शाहिद अली यांना एवढी जागा लागत नाही. अमेरिकेत राहून लिहिणाऱ्या या काश्मिरी कवीच्या 'पोस्टकार्ड फ्रॉम काश्मीर' या कवितेत घर ४ बाय ६ इंचांत मावतं. परत गेल्यावर रंग इतके झळझळीत नसतील, झेलमचं पाणी इतकं निळं, स्वच्छ नसेल, हे त्यांना आधीच कळलेलं आहे. आठवणीवरचं प्रेम आणि तिच्यावरचा अविश्वास एकाच श्वासात! विज्ञानकथेत मला हे क्वचितच सापडतं. तिथे मागे राहिलेली पृथ्वी बहुधा नुसती पार्श्वभूमी असते.

विचार हलवायला मी कादंबरीकडेच जाईन. पण परत परत वाचते ती कविता, आणि दर वेळी मोठ्याने.