५ जीबी, ५० जीबी आणि कोपऱ्यातले २० : एका स्वस्त होस्टिंग योजनेची पारख

नागपुरात वेबसाइट बनवून देणारी बरीच मंडळी होस्टिंगही (साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा) स्वतःच विकतात. मोठ्या कंपनीकडून घाऊक जागा घ्यायची आणि तिचे तुकडे पाडून गिऱ्हाइकांना द्यायचे, असा हा रीसेलरचा धंदा. अशाच एका रीसेलरची सुरुवातीची योजना इथे तपासली आहे. ५ जीबी एसएसडी जागा, महिन्याला ५० जीबी बँडविड्थ (साइटवरून ये-जा करणारा डेटा) आणि सीपॅनेल (खाते सांभाळायचे पॅनेल) हे पत्रकावर ठळक छापलेले. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात १ जीबी मेमरी, २० एंट्री प्रोसेस (एका वेळी पाने रचण्याच्या जागा) आणि १ लाख आयनोड. एचटीएमएल पानांची जुनी साइट डेटाबेसमधून पाने रचणाऱ्या वर्डप्रेसवर न्यायची झाली, तर ही योजना पुरते का, एवढेच बघायचे आहे.

जागेपासून सुरुवात करू. वीस-पंचवीस साध्या पानांची साइट काही एमबीत मावते. डेटाबेस आला की जागा भरेल अशी धास्ती असते, पण मजकूर फारसा खातच नाही. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते, म्हणजे हजार चिन्हांचा मजकूर ३ केबी. खरे खादाड असतात फोटो. मोबाइलचा ४ एमबीचा फोटो चढवला की वर्डप्रेस मूळ फाइल तशीच ठेवतो, २५६० पिक्सेलची एक प्रत करतो, आणि १५० ते २०४८ पिक्सेलपर्यंत आणखी सहा. असे ५०० फोटो म्हणजे नुसत्या मूळ फाइलींचेच २ जीबी. गांधीबागेतल्या साडीच्या दुकानाला ५०० फोटो म्हणजे एका हंगामाचा माल! चढवण्याआधी फोटो १६०० पिक्सेलवर आणले, तर हाच हिशेब दहाव्या भागाच्या आसपास येतो.

उरलेली जागा ईमेल आणि बॅकअप खातात, दोन्ही याच ५ जीबीतून. सीपॅनेलचा पूर्ण बॅकअप घेतला की त्याची दाबून केलेली फाइल त्याच खात्यात पडते, म्हणजे ३ जीबीच्या साइटचा बॅकअप अर्ध्यातच अडकतो. काही बॅकअप प्लगइन तर जुनी झिप नव्या झिपेत पुन्हा कोंबतात. डेटाबेसमधल्या हजारो ओळी काढूनही आकडा हलत नाही, कारण इनोडीबी (डेटाबेसची साठवण यंत्रणा) रिकामी झालेली जागा स्वतःकडेच ठेवते. पीएचपीमायअॅडमिनमध्ये (डेटाबेस हाताळायचे साधन) जाऊन त्या टेबलावर ‘ऑप्टिमाइझ टेबल’ चालवावे लागते.

आयनोड म्हणजे फाइल आणि फोल्डरांची एकूण संख्या. वरच्या हिशेबाने एका फोटोच्या आठ फाइली, आणि मेलबॉक्समधले प्रत्येक पत्र ही एक वेगळी फाइल. दहा जणांचे सात वर्षांचे ईमेल सर्व्हरवरच पडून असतील, तर जागा अर्धी रिकामी असतानाही खाते ‘भरले’ म्हणते. मर्यादा तशी बरी आहे. फक्त जुने ईमेल वेळोवेळी उतरवून घ्यावेत.

बँडविड्थचा हिशेब सोपा. पहिले पान २ एमबी, पुढची दोन ब्राउझरमधल्या साठ्यामुळे ४०० केबीची, म्हणजे माणशी २.८ एमबी. रोज २०० माणसे आली तर महिन्याला साधारण १७ जीबी. सर्च इंजिनांचे बॉट, ईमेल आणि एफटीपी धरूनही ५० पुरतात. गोची होते ती पीडीएफमुळे. शिकवणी वर्गाचे ८ एमबीचे माहितीपत्रक निकालाच्या दिवशी ३००० जणांनी उतरवले, तर एकाच दिवसात २४ जीबी गेले. कोटा संपला की पानावर ‘५०९’ येतो आणि साइट पुढच्या महिन्यापर्यंत बंद. अशा फाइली गुगल ड्राइव्हवर ठेवाव्यात किंवा साइटच्या पुढे क्लाउडफ्लेअर (फाइलींच्या प्रती जवळच्या केंद्रातून देणारी सेवा) लावावा. त्याच्या केंद्रांच्या यादीत नागपूरही आहे. पण तुमचे इंटरनेट कनेक्शन त्याच केंद्राकडे वळेल याची हमी नाही. शिवाय तो आपणहून फोटो, पीडीएफ, सीएसएस साठवतो, एचटीएमएल पान साठवत नाही.

आता ते कोपऱ्यातले २०. साधे पान म्हणजे तयार फाइल. सर्व्हरने उचलली आणि दिली. वर्डप्रेसच्या डायनॅमिक पानाला दर वेळी पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत चालते ती) जागे होते, डेटाबेसला पाचपन्नास प्रश्न विचारते, पान रचते आणि मग देते. तेवढा वेळ एक एंट्री प्रोसेस अडकलेली असते. पान अर्ध्या सेकंदात तयार झाले तर २० जागांत सेकंदाला ४० पाने निघतात. तीन सेकंद लागले तर जेमतेम सहा-सात. जागा भरल्या की पुढच्याला ‘५०८ रिसोर्स लिमिट’. त्यात २० हा आकडा कागदावरचाच. वूकॉमर्सची (वर्डप्रेसवरचे ऑनलाइन दुकान) एक प्रोसेस ८०-१०० एमबी खाऊ लागली, की १ जीबी मेमरी दहा-बाराव्या प्रोसेसलाच संपते आणि ५०० किंवा ५०३ दिसतो. या योजनेची खरी अडचण इथे आहे, आणि पत्रकावर ती सगळ्यात बारीक छापली आहे.

यावर उपाय आहेत. सर्व्हर लाइटस्पीडचा असल्याने लाइटस्पीड कॅश प्लगइन (एकदा रचलेले पान साठवून ठेवणारे) लावावे. तयार पान मग पीएचपीला न उठवता जाते. डब्ल्यूपी-क्रॉन (वर्डप्रेसची ठरल्या वेळेची कामे करणारा) पानागणिक चालू होतो. तो कॉन्फिग फाइलमधून बंद करून सीपॅनेलच्या क्रॉनमध्ये दर १५ मिनिटांनी लावावा. एक्सएमएल-आरपीसी (बाहेरच्या अॅपसाठीचे साइटचे दार) वापरत नसाल तर बंदच करा. पासवर्ड चाचपडणारे बॉट रात्रभर त्याच दारावर असतात आणि प्रत्येक ठोका एक प्रोसेस खातो. सीपॅनेलच्या ‘रिसोर्स युसेज’मध्ये ‘फॉल्ट’चा (मर्यादा किती वेळा गाठली) रकाना आठवडाभर पाहिला, की कुठे अडते ते कळते.

साइट हलवतानाची एक अडचण खास मराठी आहे. जुनी पाने श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टात असतील, तर नुसती कॉपी केल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा हाती लागतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावे आणि मग जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासावी. कन्व्हर्टर तिथेच चुकतात. डेटाबेसची अक्षरपद्धत यूटीएफ८एमबी४ हवी. लॅटिन-१ या जुन्या पद्धतीत मराठी कोंबली की प्रश्नचिन्हे उमटतात आणि मूळ मजकूर परत मिळत नाही. नवी साइट सबडोमेनवर उभी करा, डीएनएसचा टीटीएल (सर्व्हरचा जुना पत्ता किती सेकंद लक्षात ठेवायचा तो आकडा) १४४०० वरून ३०० करून एक दिवस थांबा, मगच वळवा. जुन्या प्रत्येक पत्त्याला ३०१ रिडायरेक्ट (नव्या पत्त्याकडे कायमचे वळण) द्या, नाहीतर गुगलवरून येणारे गिऱ्हाईक ‘४०४’ पाहून परत जाईल.

सर्व्हर मुंबईत आहे, हे चांगले. अमेरिकेतल्या सर्व्हरला एका फेरीलाच २०० मिलिसेकंदांहून जास्त लागतात. किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला नाही, आणि दुसऱ्या वर्षीचा दर पहिल्याहून चढा आहे. तो लेखी मागून घ्यावा.

धरमपेठेतला दवाखाना, शिकवणी वर्ग, बर्डीवरचे दुकान यांनी कॅश लावून ही योजना खुशाल घ्यावी. हंगामात संत्र्याच्या पेट्या ऑनलाइन विकणाऱ्यांनी घेऊ नये. कार्ट आणि चेकआउटची पाने प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी, ती कॅश करताच येत नाहीत, त्यामुळे गर्दी थेट त्या २० जागांवर आदळते. त्यांना किमान २ जीबी मेमरीचा व्हीपीएस (स्वतंत्र वाट्याचा आभासी सर्व्हर) लागेल. मात्र त्याचे अपडेट, फायरवॉल आणि बॅकअप कोण बघणार, हे पैसे भरण्याआधी ठरवावे; या रीसेलरच्या दरात ते धरलेले नाही.