पहिली इलेक्ट्रिक गिटार: बारची घ्यावी की पक्क्या ब्रिजची?

बेळगावात गिटारकडे वळणाऱ्या बऱ्याच पोरांची बोटं आधी पेटीवर फिरलेली असतात. पेटीत दोन पट्ट्यांच्या मधला स्वर नाही. त्यामुळे तार ढकलून सा वरून रे पर्यंत पहिल्यांदा पोचलं की अंगावर काटा येतो. माझ्याही आला होता. कुमार गंधर्वांचं सुळेभावी इथून हाकेच्या अंतरावर. मींड आपल्या कानात असतेच, ती बोटात उतरवायची असते. त्यासाठीच गिटार घेत असाल तर रंग आणि पिकअप राहू देत, आधी ब्रिज बघा, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात तो भाग: तो बारने, म्हणजे दांडीने, हलणारा आहे की पक्का.

फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकॅस्टर (स्ट्रॅट) ही गिटार १९५४ साली आली. तिचा ब्रिज मागच्या स्प्रिंगांवर तोललेला असतो. बार दाबला की सहाही तारा एकदम उतरतात. फेंडरने त्याला ट्रेमोलो म्हटलं खरं, पण ट्रेमोलोत आवाज लहान-मोठा होतो. इथे स्वर हलतो, म्हणजे हा व्हायब्रेटोच. याचा फायदा मोठा आहे. बोटाने तार ताणून केलेला व्हायब्रेटो मूळ स्वराच्या वरच जातो, बारने खालीही जाता येतं. पण एक तार ताणली की ब्रिज पुढे झुकतो आणि बाकीच्या तारा उतरतात. एक तार स्थिर ठेवून शेजारची ताणायची म्हटलं की सूर बिघडलाच. शिवाय त्याच स्वरापर्यंत पोचायला बोट जास्त ढकलावं लागतं.

लेस पॉल गिटारसारख्या पक्क्या, म्हणजे न हलणाऱ्या ब्रिजवर ही भानगड नाही. जेवढं ढकलाल तेवढंच ऐकू येतं, चूक असेल तर तीही स्वच्छ. तारेची लांबीही कमी, स्ट्रॅटच्या २५.५ इंचांऐवजी २४.७५, म्हणून त्याच तारांवर ताण सुमारे ६ टक्के कमी पडतो.

तारांचा फरक मात्र याहून मोठा. पहिली तार नऊची (०.००९ इंच जाडीची) काढून दहाची (०.०१० इंच) लावली की ताण सुमारे २३ टक्के वाढतो. नवख्याने नऊचाच सेट लावावा, असं माझं ठाम मत आहे. तिसऱ्या बोटाने ढकला, मागची दोन बोटं जोडीला लावा, अंगठा मानेवरून वर येऊ द्या आणि मनगट किल्ली फिरवल्यासारखं फिरवा. आधी दोन फ्रेट (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) पुढचा स्वर वाजवून कानात घ्या, मगच तार ताणा. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग हे बुक्का व्हाइट या गिटारवादकाच्या स्लाइडचा (तारेवर नळी सरकवून वाजवण्याचा) आवाज बोटांनी काढायला गेले, त्यातूनच त्यांचा व्हायब्रेटो घडला.

शिकायला मी पक्का ब्रिजच सुचवेन. हात बसण्याआधी बार मिळाला की बोटं आळशी होतात, हे मी शिकवताना पाहिलंय. स्ट्रॅट आधीच घरात असेल तर विकू नका. मागचे स्क्रू आवळून, गरज पडली तर तीनऐवजी पाच स्प्रिंग लावून ब्रिज लाकडाला टेकवून घ्या. तार ताणण्यापुरती ती पक्क्या ब्रिजचीच झाली. नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचांत पेन्सिलीचं शिसं घासा, म्हणजे ताणलेली तार तिथे अडकत नाही. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात वाजवून झालं की तारा सुती कापडाने पुसा. गंजलेल्या तारेवर बोट सरकत नाही.