यवतमाळच्या आर्णी रोडवरची नर्सरी – आपल्याकडची झाडं पाहिजे असतील तर इथंच जा

धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, लावायला झाडं पाहिजे होती म्हणून पहिले दोन-चार चांगले पाऊस झाल्यावर या नर्सरीत गेलो. तुम्ही काय पाहिजे ते सांगायच्या आधीच तिथले भाऊ विचारतात, "वावर काळीचं हाये का बरडाचं (मुरमाड, हलक्या जमिनीचं)? पाणी कुठं साचते?" आणि उत्तर ऐकल्याशिवाय रोपाला हात लावत नाहीत. मला हेच लय आवडलं, बाकी ठिकाणी पैसे घेतात आन रोपं गाडीत टाकून देतात.

माझ्या वावराच्या खालच्या कोपऱ्यात पावसाळ्यात पाणी तुंबते, तिथं कडुनिंब लावायचा विचार होता. ते सरळ नाही म्हणाले. निंब उन्हाला आणि पाण्याच्या ताणाला पक्का आहे पण साचलेल्या पाण्यात त्याची मुळं सडतात, म्हणून निंब वरच्या बरडावर आणि खाली नाल्याच्या काठाला अर्जुन लावा म्हणाले. ते स्वतः मूळचे भंडाऱ्याकडचे, तर बोलता बोलता तिकडचं पण सांगत होते, धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर बाभूळ कशी पाण्यात उभी राहते, आणि ऐन-अर्जुनाच्या झाडावर कोशाच्या (टसर रेशमाच्या) अळ्या कशा पाळतात. विदर्भ म्हणजे सगळा एक असं आपण धरून चालतो पण बुलडाण्याकडचं कमी पावसाचं रान आणि गडचिरोलीचं जंगल यांत लय फरक आहे, रोप घेताना तो बघावाच लागतो.

माझ्या साळ्यानं शहरातल्या एका नर्सरीतून हापूसची कलमं आणि कोकम आणलं होतं. विकणाऱ्यानं जमीन कशी आहे, पाणी किती आहे, काहीच विचारलं नाही. कोकम हे सह्याद्रीच्या दमट सावलीतलं झाड, तिकडं रत्नागिरीला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर आणि आमच्याकडं यवतमाळला हजाराच्या आतबाहेर, वरून मे महिन्यात पारा ४५ च्या घरात. पानं करपली ती करपलीच, आणि काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की कोवळी मुळं तुटतात ते वेगळंच. कोकणातल्या जांभ्या मातीतून पाणी लगेच निथळून जाते, आपली माती पावसात चिकट होऊन पाणी धरून बसते. इथल्या भाऊंकडं हापूस नाहीच, गावरान आंबा आहे, आणि हापूस मागितला तर कारणासकट नाही म्हणतात.

मोहाची रोपं बघण्यासारखी आहेत. मोहाचं बी जास्त दिवस टिकत नाही, म्हणून फळ पिकून पडलं की लगेच पेरतात. पिशव्या नेहमीपेक्षा लांब वापरतात. मी विचारलं काहून तर त्यांनी एक पिशवी ब्लेडनं उभी फाडून दाखवली, मुख्य मूळ सरळ खाली गेलेलं, बुडाशी कुठंच गुंडाळी नाही. छोट्या पिशवीत मूळ गोल फिरते, झाड दोन-तीन वर्षं बरं दिसते आणि मग वाऱ्यात कोलमडते म्हणाले. मोहाला फूल यायला आठ-दहा वर्षं तरी लागतात हे पण आधीच सांगून टाकतात, विकायचं म्हणून लपवत नाहीत.

शेळ्यांचा त्रास असेल तर सीताफळ घ्या, शेळ्या त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. रोह्यांचं (नीलगायींचं) मात्र कुंपणाशिवाय काही खरं नाही, त्यांनी पण तेच सांगितलं. सागाचे स्टंप (मूळ-खोडाचे छाटलेले तुकडे) मिळतात, पळस आणि करंज भरपूर आहे. संत्र्याची कलमं जंबेरीच्या खुंटावरची आहेत आणि डोळा (कलमाचा जोड) जमिनीपासून चांगला उंच भरलेला, मी वाकून बघितला, डिंक्याच्या (खोडातून डिंक गळणाऱ्या रोगाच्या) भीतीनं हे बघूनच घ्यायला पाहिजे.

आता कमी काय ते पण सांगतो. रोपांवर पाट्या नाहीत, भाऊ नसले की तिथल्या पोट्ट्याला ऐन कोणता आणि अर्जुन कोणता ते सांगता येत नाही, लहानपणी दोन्ही सारखेच दिसतात. चारोळी बहुतेक वेळा संपलेली असते, तिचं बी टणक कवचाचं, उगवतेच कमी. भाव सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेपेक्षा जास्त आहे, पण रोप तगडं आहे आणि सल्ला फुकट मिळतो.

पाचपैकी साडेचार. जायचं असेल तर जुलैच्या आत जा, सकाळी भाऊ स्वतः असतात, आणि मोह पाहिजे असेल तर आधीच सांगून ठेवा.