विंडोज 7 काढून लिनक्स मिंट 22: जुन्या लॅपटॉपवर काही महिने वापरल्यानंतर

लॅपटॉप 2012 सालचा. तिसऱ्या पिढीचा आय-5, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची फिरती हार्ड डिस्क आणि विंडोज 7. मी घरीच आठवी ते दहावीचे गणिताचे क्लास घेते. प्रश्नपत्रिका टाइप करायच्या, छापायच्या, पालकांना पाठवायच्या, एवढंच त्याचं काम, आणि ते तो मुकाट करत होता. अडायला लागलं ते नवीन वस्तू घरात आल्यावर. वाय-फाय प्रिंटरच्या खोक्यावरच ‘विंडोज 10 आणि पुढे’ असं छापलेलं. वाय-फायच्या यूएसबी डाँगलचंही तेच. ब्राउझर तर 2023 च्या सुरुवातीपासूनच थिजला होता, कारण विंडोज 7 वर चालणारा शेवटचा क्रोम 109 क्रमांकाचा. खुद्द विंडोज 7 चे सुरक्षा अपडेट 14 जानेवारी 2020 लाच बंद झाले होते.

विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. ती अट चुकवून ते बसवता येतं, पण रोजच्या कामाच्या यंत्रावर तसला जुगाड मला नको होता. विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणजे त्यावर जाऊनही पुन्हा हाच प्रश्न. भाच्याने मिंट सुचवलं, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत लिनक्स प्रणाली. तिची एक्सएफसीई नावाची आवृत्ती जुन्या यंत्राला हलकी पडेल म्हणाला. मी होकार दिला तर त्याचा पहिला प्रश्न: “मावशी, डेटा कुठंय ते आधी सांग.” मग आम्ही जुनी डिस्क काढून यूएसबीच्या केसमध्ये घातली, विंडोजसकट जशीच्या तशी. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, आली आणि रॅम आठ जीबी केली. हे सगळं चार हजारांच्या आत झालं. त्या डिस्कवरून आता विंडोज सुरू होत नाही, पण फायली सगळ्या उघडतात.

तुम्ही हे करणार असाल तर एक नक्की करा. मिंट पेन ड्राइव्हवरूनच, काही न बसवता, चालू करता येतं. तसं चालू करून घरातली झाडून सगळी उपकरणं एकेक करून जोडून बघा. प्रिंटर, डाँगल, फोन, हेडफोन, प्रोजेक्टर, सगळं. आम्ही एक अख्खी दुपार यातच घालवली आणि पुढचा बराच मनस्ताप वाचला.

प्रिंटरने तर मला चकितच केलं. घरच्या वाय-फायवर आणला, मिंटच्या प्रिंटरच्या यादीत तो आपोआप उगवला, ड्रायव्हरची सीडी खोक्यातून बाहेरही आली नाही. अलीकडचे बरेच वाय-फाय प्रिंटर एक सामायिक पद्धत बोलतात, आणि मिंटमधली छपाईची यंत्रणा, कप्स, तीच बोलते. स्कॅनिंगही तसंच, डॉक्युमेंट स्कॅनर नावाचं साधं ॲप पुरतं. फक्त शाई किती उरली, हेड साफ करायचं का, हे फोनवरच्या ॲपमधून बघावं लागतं.

डाँगलची गंमत वेगळी. जोडला तर वाय-फाय नाहीच, डेस्कटॉपवर चक्क सीडीचं चिन्ह! आत विंडोजचा ड्रायव्हर. हे डाँगल आधी स्वतःला सीडी म्हणून दाखवतात, ड्रायव्हर बसला की मग रूप पालटतात. त्या चिन्हावर उजवी क्लिक करून ‘इजेक्ट’ म्हटलं, आणि दोन-तीन सेकंदांत शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वाय-फायची यादी समोर. आतली रिअलटेकची चिप कर्नलला, म्हणजे मिंटच्या गाभ्याला, आधीच ओळखीची होती. आता हे रूप बदलणं आपोआप होतं, तेवढी सोय भाच्याने करून दिली. वेग मात्र खोक्यावरच्या आकड्याच्या जवळपासही जात नाही.

फोन केबलने जोडला की आधी नुसता चार्ज होतो. फोनच्या पडद्यावर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडलं की फोटो दिसतात. मी केबल सोडूनच दिली आहे. मिंटचं वार्पिनेटर आहे, त्याचं ॲप अँड्रॉइडवरही मिळतं, एकाच वाय-फायवर असलं की फाइल इकडून तिकडे. ब्लूटूथ इअरबड्सवर गाणी छान वाजतात. माइक चालू केला की आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो, म्हणून ऑनलाइन तासाला मी तारेचाच हेडफोन लावते.

पेन टॅब्लेट (पेनने लिहायची पाटी) लावल्या लावल्या चालला, दाबानुसार रेघ जाड-बारीक होते. पण प्रोजेक्टर जोडला की पेनचा पल्ला दोन्ही पडद्यांवर पसरायचा. म्हणजे टॅब्लेटच्या डाव्या अर्ध्या भागात लिहिलं तर लॅपटॉपवर आणि उजव्या अर्ध्यात लिहिलं तर भिंतीवर, आणि वर्तुळ काढावं तर अंडं! यावर उपाय आहे, पण तो टर्मिनलमध्ये कमांड देऊनच. भाच्याने ती एका चिन्हात बांधून दिली, प्रोजेक्टर लावला की मी त्यावर दोनदा क्लिक करते. घरात असा भाचा नसेल तर मिंटच्या सिनॅमन आवृत्तीत ग्राफिक्स टॅब्लेटची सेटिंग्ज खिडकीतूनच मिळतात, ती बघा.

म्हणजे नवीन वस्तूंनी फारसं छळलं नाही. छळलं ते जुन्या गोष्टींनी, आणि ही बाजू मला आधी कोणी सांगितली नव्हती.

छोटा काळा-पांढरा लेझर प्रिंटर, गल्लीतल्या प्रत्येक टायपिंगच्या दुकानात असतो तसला, इथे काही केल्या चालेना. तो मी एका दुकानदाराला देऊन टाकला. खरा घोळ प्रश्नपत्रिकांचा. कित्येक वर्षांचे पेपर युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. त्या फॉन्टमध्ये ‘क’ हा खरा ‘क’ नसतोच, कुठल्या तरी इंग्रजी चिन्हाच्या जागी ‘क’चं चित्र बसवलेलं असतं. मिंटवर फाइल उघडली की पानभर अगम्य चिन्हं. फॉन्टची फाइल जुन्या डिस्कवर होती, ती बसवल्यावर मजकूर दिसला आणि छापताही आला. पण त्या फॉन्टचा टायपिंगचा प्रोग्राम फक्त विंडोजचा, त्यामुळे एक शब्द दुरुस्त करायचा तरी पंचाईत. शेवटी पेपर युनिकोडमध्ये बदलायला घेतले. कन्व्हर्टर ऐंशी टक्के काम करतात, उरलेलं डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर साठवली जाते, त्यामुळे ‘स्थिती’, ‘निश्चित’ अशा जोडाक्षरांत ती भलतीकडे जाऊन बसते. रफार हमखास चुकतो. ‘दुसऱ्या’, ‘चौथ्या’ या दोन शब्दांत ‘चौथ्या’ सुखरूप राहतं आणि ‘दुसऱ्या’ मोडतं.

नवीन टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांचा प्रमाणित कीबोर्ड, घेतलं. शिफ्ट धरून ‘J’ दाबला की ‘ऱ’, मग ‘D’ आणि तिरकी रेघ (/), झालं ‘ऱ्य’. पंधरवडाभर बोटं अडखळली, आता वेग पूर्वीपेक्षा बरा आहे. लिबरऑफिसमध्ये (इथलं वर्डसारखं मोफत सॉफ्टवेअर) एक लक्षात ठेवा: स्टाइलमध्ये इंग्रजीचा फॉन्ट वेगळा आणि देवनागरीचा वेगळा ठरवावा लागतो. शाळेतून येणाऱ्या वर्डच्या फायली मंगल किंवा कोकिळा फॉन्टमध्ये असतात. ते इथे नसतात, म्हणून ओळी सरकतात आणि दोन पानांचा पेपर अडीच पानांवर जातो. माझे स्वतःचे पेपर मी मुक्ता फॉन्टमध्ये करते, मुंबईच्या एक टाइपने तो सर्वांसाठी मोफत खुला ठेवला आहे. बाहेर पाठवताना पीडीएफच पाठवते.

प्रोसेसर तोच राहतो, हेही सांगायला हवं. नव्या फोनवरचं एचईव्हीसी या दाबून लहान केलेल्या प्रकारातलं 4के चित्रीकरण इथे अडखळतच चालतं. त्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्समध्ये ते उलगडण्याची सोयच नाही, ती सहाव्या पिढीपासून आली. यूट्यूब 1080 वर ठीक चालतं, पंखा मात्र बोंबलतो.

टॅली वापरणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये, ते विंडोजवरच चालतं. डिजिटल सहीचा टोकन लागत असेल तर आधी आपल्या सीएला विचारा.

मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट आहेत. बॅटरी तोवर टिकणार नाही, ती आत्ताच तासाभरात मान टाकते. तिसऱ्या पिढीच्या या मॉडेलची बॅटरी आता दुकानात ‘कंपॅटिबल’ म्हणूनच मिळते. कोणी तसली वर्षभर वापरली असेल तर जरूर सांगा.